तळघरातलं पाणी

१२ ऑक्टोबर

शेवटी आले एकदाची मुक्याच्या बंगल्यावर. ताप उतरला, पण पायात जोर नाही. दोन खोल्यांत एकटीच पडून राहणार, काही झालं तर बघायला कोण, असं म्हणून त्याने सरळ गाडीच पाठवली. मंत्र्याची गाडी दारात लागल्यावर आमच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या पटापट उघडल्या. मला उगाच सासरी निघाल्यासारखं वाटलं. या वयात.

माझ्या या धाकट्या भावाला मुक्या म्हणणारी आता मी एकटीच उरले आहे. चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता, मी कॉलेजात. आता भाषणाला उभा राहिला की थांबत नाही. नगरविकास मंत्री आहे. ताई भूगोल शिकवायची, मी भूगोल बदलतो, असं तो चारचौघांत म्हणतो आणि लोक हसतात.

मला मागच्या बाजूची खोली दिली आहे. मोठाल्या काचा, पातळ पडदे, बाहेर गवत आणि लगेच व्हरांडा. दुपारी ऊन पडद्यातून गाळून येतं तेव्हा आपण पाण्याखाली पडलोय आणि वरून कोणीतरी दिवा धरलाय असं वाटतं. भावजय स्वतःच्या हाताने गोळी देते. "वन्सं, शांत झोप हेच तुमचं औषध, डॉक्टर म्हणालेत." झोप म्हणजे काय विचारता. दगड टाकावा विहिरीत, तशी.

१९ ऑक्टोबर

आज दुपारी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत डोळा लागला. किंवा लागला नसेल. समोर एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, पायात नुसते मोजे. बूट पायरीखाली काढले असावेत, म्हणूनच पावलं वाजली नाहीत.

"उठू नका, ताई," म्हणाले. आवाज अगदी मऊ. "साहेबांना तळ्यावर तुम्हीच ना पोहायला शिकवलंत? सांगत असतात ते."

तळ्याचं नाव काढल्यावर मी कशाला गप्प बसते. सांगितलं त्यांना. ते तळं नुसतं आभाळाच्या पाण्यावर नाही, तळाशी झरे आहेत. भर उन्हाळ्यात मधोमध पोहत गेलं की पाण्यातून कोणी गार बोट लावल्यासारखं पायाला लागायचं. मुक्या किंचाळायचा.

ते बसले. "आणि भर घातली तर? झरे बुजतात का?"

"बुजतील कशाला? दुसरीकडून वाट काढतील."

"आमच्या तळघरात पाणी येतंय," ते म्हणाले. "पंप बंद केला की सकाळी गुडघाभर. पंप लावून लावून थकलो."

मला त्यांची कीव आली. घर बांधताना माणूस काय काय स्वप्नं बघतो. मी वर्गात सांगायचे तसं सांगितलं, तिथे जास्त वजन ठेवू नका, खालची माती भिजून भिजून लोण्यासारखी होते. त्यांनी उसासा टाकला. तेवढ्यात आतून पडदा सारून मुक्या आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं आत गेले.

मग डोळे उघडले तर समोरची खुर्ची रिकामी. गवतावर ऊन, उन्हात एक पांढरं फुलपाखरू. स्वप्न असेल तर फार सभ्य स्वप्न होतं.

३ नोव्हेंबर

टीव्हीवर मुक्या दिसला. आमच्या तळ्याकाठी उंच उंच इमारती झाल्यात म्हणे, तिथे लोकांना घराच्या चाव्या दिल्या. एक म्हातारी त्याच्या पाया पडायला वाकली, त्याने तिला वरच्यावर धरलं आणि चावी तिच्या मुठीत ठेवून मूठ मिटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी माझ्या मुठीत असाच चिंचोके ठेवायचा.

भाग्यवान माणसं. सकाळ-संध्याकाळ पाण्यावरचा वारा.

भावजयीला म्हटलं, तू का नाही गेलीस? तिथे तुझी खुर्ची रिकामी दिसत होती. ती म्हणाली, डोकं दुखत होतं.

२८ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी जेवत होते, झोपत होते, स्वप्नात नकाशावरच्या नद्या हलत होत्या आणि मुली हात वर करून विचारत होत्या, बाई, ही थांबत का नाही?

आज सकाळी तळ्याकाठची एक इमारत खचली. टीव्हीवर दाखवलं. पडली नाही, बसली. उंट बसतो तशी, आधी पुढचे पाय. खिडक्यांतून पडदे बाहेर आले होते आणि वाऱ्यावर हलत होते, जणू काही झालंच नाही. आत माणसं होती. सगळी बाहेर आली नाहीत.

मुक्या दिवसभर तिथे होता. परत आला तेव्हा बुटांना करडा चिखल. किती तरी वेळ हात धूत राहिला. मी टॉवेल घेऊन उभी. "निसर्गापुढे कोणाचं काय चालतं, ताई," म्हणाला.

नंतर बातम्यांत तो सांगत होता, इथे पाण्याचा धोका आहे हे मला कधी कोणी सांगितलं नाही, आणि त्या बिल्डरला मी उभ्या आयुष्यात भेटलेलो नाही. बाजूला बिल्डरचा फोटो. चेहरा ओळखीचा वाटला. कुठे पाहिलाय ते आठवेना. मग आठवलं. स्वप्नात.

६ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळी मी सहज म्हटलं, "गंमत बघ, तो बिल्डर टीव्हीवर दिसायच्या कितीतरी आधी माझ्या स्वप्नात येऊन गेलाय."

भावजयीचा चमचा कपातच थांबला. मुक्या वर्तमानपत्राआडून म्हणाला, "व्हरांड्यात कोणी आलं नव्हतं, ताई. त्या गोळ्यांनी असं होतं. डॉक्टरांना विचारून घेऊ."

दुपारी डॉक्टर आलेसुद्धा. नाडी बघितली, जिभेकडे बघितलं, मला तारीख-वार विचारला. वार चुकला माझा. त्यांनी मान हलवली आणि दुपारचीही एक गोळी लिहून दिली. एवढ्या धामधुमीत मुक्याला माझी आठवण राहते. सख्खा भाऊ असला तरी एवढं कोण करतं.

१८ फेब्रुवारी

शेजारच्या बंगल्यातल्या महसूलमंत्र्यांनी राजीनामा दिला. तळ्याची जागा कागदोपत्री पडीक दाखवली ती त्यांच्या खात्याने, असं बातम्यांत सांगत होते. आज त्यांचं सामान ट्रकमध्ये चढलं. मी व्हरांड्यातून बघत होते. आरशाचं मोठं कपाट चौघांनी उचलून आणलं, तेव्हा त्या आरशात आभाळ होतं आणि ते आभाळ हिरवळीवरून हळूहळू फाटकाबाहेर गेलं.

त्यांच्या बायको कुंपणापाशी आल्या. कालपरवापर्यंत त्यांच्या दारात गाड्यांना जागा नसायची, आज मदतीला एक शिपाईसुद्धा नव्हता. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ते हेच.

"आमच्यांनी सही केली हे खरं," त्या म्हणाल्या. "पण कोणाच्या शब्दावर, ते तुमच्या भावाला विचारा."

मी म्हटलं, माझा भाऊ लहानपणापासून शब्दाचा पक्का आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपा जाऊन. तुम्हाला बरं नाही."

२ मार्च

चौकशी आयोगाने मला बोलावलं आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिथे सांगितलं की बिल्डर ऑक्टोबरात बंगल्यावर आला होता आणि तेव्हा एक आजारी बाई मागे व्हरांड्यात बसलेली होती. आजारी बाई म्हणजे मी.

मुक्या खोलीत आला आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसला. खूप दिवसांनी असा बसला. माझे पाय मांडीवर घेऊन दाबायला लागला.

"तुला मी खोटं बोल म्हणत नाही, ताई. तू आयुष्यात बोलली नाहीस. मला फक्त एवढं सांग, तुला ते सगळं नीट आठवतं का?"

"नाही रे. धुक्यातून बघितल्यासारखं आहे."

"झालं तर. तेवढंच सांगायचं. मला आठवत नाही. मी औषधावर होते, मला स्वप्नं पडतात. डॉक्टरही तसं सांगणार आहेत."

मला जरा लागलं. स्वप्नं पडतात हे काय सरकारदरबारी सांगायचं आहे? पण त्याने माझे पाय सोडले नाहीत. "नाहीतर मी संपलो," तो म्हणाला, अगदी हळू, आणि त्याच्या डोक्यावरचे केस किती विरळ झालेत ते मला वरून दिसलं.

म्हटलं, "सांगीन तसं."

"शब्द?"

"शब्द."

९ मार्च

भावजय हल्ली गोळी द्यायला विसरते. कालही विसरली, परवाही. मी आठवण केली नाही, तिच्या डोक्याला कमी का व्याप आहेत. सकाळी बेसिनपाशी ती नळ सोडून उभी होती, पांढरं काहीतरी पाण्याबरोबर विरघळत चाललं होतं. "साखर सांडली, वन्सं," म्हणाली. आजकाल तिचं लक्षच नसतं.

झोप कमी झाली आहे. पडदे नुसते पडदे दिसतात.

मागची पानं उघडून बघितली, म्हटलं त्या दिवशीचं काही कळतंय का. काही उपयोग नाही. मी सगळंच असं लिहिलंय की कपाटातलं आभाळही स्वप्न वाटावं आणि नकाशातल्या नद्याही खऱ्या. शाळेत मुलींच्या वहीवर मी शेरा मारला असता, मुद्द्याचं लिहा.

दुपारी खुर्चीत बसले होते, पूर्ण जागी. आणि बसल्या बसल्या एक गोष्ट मनात आली. चहाच्या वेळी मी म्हटलं होतं, स्वप्नात आला. मुक्या म्हणाला, व्हरांड्यात कोणी आलं नव्हतं. व्हरांडा मी म्हटलाच नव्हता. माझं स्वप्न कुठे पडलं ते त्याला कसं कळलं?

असेल, सहज बोलला असेल. मी दुपारची तिथेच तर बसते.

नंतर पुन्हा तेच मनात आलं. आणि पुन्हा. जेवण गेलं नाही.

११ मार्च

शब्द दिलाय. आई गेल्यापासून त्याला दिलेला एकही शब्द मी मोडलेला नाही. लग्न करणार नाही हासुद्धा त्यातलाच एक, तो त्याने मागितला तेव्हा सहा वर्षांचा होता आणि नंतर विसरूनही गेला.

भावजयीला विचारलं, "तू काय करशील माझ्या जागी?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "माझ्या जागी तरी मी काय केलं, वन्सं?" आणि घड्या घालत राहिली. तिचं बोलणं कधीकधी कळत नाही मला.

टीव्हीवर त्या इमारतीतून काढलेलं सामान ओळीने मांडून ठेवलेलं दाखवतात. लोक येऊन आपापलं ओळखून नेतात. काही वस्तू रोज तिथेच असतात.

१४ मार्च

आज झालं.

साधीच खोली होती, शाळेच्या मुख्याध्यापकांची असते तशी. डोक्यावर पंखा, पुढ्यात पाण्याचा ग्लास. निवृत्त न्यायाधीश बाई, माझ्याच वयाच्या. मुक्या डावीकडे त्याच्या वकिलाशेजारी. त्याने माझ्याकडे बघून मान किंचित हलवली, धीर द्यायला. त्या क्षणी वाटलं, सांगून टाकावं आठवत नाही, घरी जावं, गोळी घ्यावी, पडदे ओढावे. किती सोपं होतं ते. झोपेत कूस बदलण्याइतकं.

"सावकाश सांगा," बाई म्हणाल्या. "ते गृहस्थ आले होते?"

मी पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवला आणि माझाच आवाज मला ऐकू आला, तासाला उभी राहिल्यासारखा. "आले होते. पांढरा शर्ट, पायात मोजे. तळघरात पाणी येतं म्हणाले. मी त्यांना झऱ्यांचं सांगितलं. तिथे वजन ठेवू नका म्हटलं. मग माझा भाऊ बाहेर आला आणि त्यांना आत घेऊन गेला."

वकील उठले. "बाई, आपण तेव्हा झोपेच्या औषधांवर होतात."

"होते. पण तापात किंवा झोपेत मी भूगोल चुकत नाही."

मागे कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "तुम्ही झऱ्यांबद्दल सांगत होतात तेव्हा तुमच्या भावाने ते ऐकलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "तो नंतर आला. त्याने ऐकलं असतं तर चाव्या वाटल्याच नसत्या. मी वाढवलाय त्याला."

त्यांनी लिहून घेतलं.

घरी येताना आम्ही एकाच गाडीत. तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "शब्द दिला होतास."

"हो," मी म्हटलं.

गाडी सिग्नलला थांबली. कडेच्या दुकानात टीव्हीच्या सगळ्या पडद्यांवर मीच बोलत होते. आवाज नव्हता.

२३ मार्च

त्याचं सगळं गेलं. आधी मंत्रिपद, मग बाकीचं. त्याच्या पाठोपाठ मुख्यमंत्र्यांनीही राजीनामा दिला. त्यांनी म्हणे फाईल न वाचता पुढे सरकवली होती. मोठमोठी माणसं अशी एकामागून एक उठून जाताना बघून सभा संपल्यासारखं वाटतं, दिवे कोणी मालवायचे एवढंच उरलेलं.

पोलीस सकाळी आले. अदबीने. भावजयीने त्याचे चार कपडे, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत भरल्या. तो सगळ्यांना काही ना काही बोलला, माळ्यालासुद्धा, माझ्यासमोरून मात्र नुसता गेला.

बंगला सोडायचा आहे. भावजयीला म्हटलं, माझ्या दोन खोल्या आहेत. ती म्हणाली, "तुम्हाला चालेल मी?" मला आश्चर्य वाटलं. न चालायला काय झालं?

२२ एप्रिल

त्याने तुरुंगातून बोलावणं पाठवलं. इतके दिवस भावजयीलाच भेटत होता, मला नाही.

टेबल, दोन खुर्च्या, दाराशी पहारेकरी. मुक्या वाळलाय. दाढी पांढरी आली आहे, तीसुद्धा एका बाजूला जास्त. आम्ही आधी इकडचं तिकडचं बोललो. इथे झोप लागते का विचारलं, तर म्हणाला, लागत नाही, बरं आहे.

मग म्हणाला, "ताई, तू तिथे एक चुकीचं सांगितलंस."

"काय?"

"मी नंतर आलो नाही. पडद्यामागे उभा होतो. तो बिल्डर मला आधीच भेटून गेला होता, त्या दिवशी परत आला होता. मीच त्याला तुझ्याकडे पाठवलं होतं. म्हटलं, बहिणीला विचार, झरे आहेत की नाहीत ते तिला माहीत. तू लोण्यासारखी माती म्हणालीस. अक्षर न् अक्षर ऐकलं मी. मग बाहेर आलो."

माझे हात टेबलावर होते. ते माझे नाहीत असं वाटायला लागलं.

"का रे?"

"चाव्या द्यायचा दिवस ठरला होता," तो म्हणाला. "मंडप सांगून झाला होता."

आणखी काही असेल म्हणून मी थांबले. आणखी काही नव्हतं. त्यात पैसेही होतेच, पण ते त्याने वेगळे सांगितले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

"वकील काय म्हणतात?"

"अळीमिळी गुपचिळी. हे ऐकणारे आपण तिघंच. तो बिल्डर बोलणार नाही, त्याचं त्यात भलं आहे."

"आणि तू?"

पहारेकऱ्याने वेळ झाल्याचं सांगितलं. मुक्या उठला. उठताना त्याने टेबलाची कड धरली. म्हणाला, "तू माझ्याबद्दल ते सांगितलंस ना, ऐकलं असतं तर वाटल्या नसत्या म्हणून, ते फार जड आहे, ताई. ते घेऊन झोपता येत नाही."

घरी आले. भावजयीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "चाव्यांच्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं, वन्सं."

मग तिने उठून दिवा लावला. बाहेर अजून उजेड होता.

५ मे

कोर्टात गर्दी होती. भावजयीला भिंतीकडेला बाकाचं टोक मिळालं, मी मागे उभी. समोरच्या बाकांवर त्या इमारतीतले लोक. माझ्या अगदी पुढे पाठमोरे एक वयस्कर गृहस्थ बसले होते, हातातली टोपी गुडघ्यावर. त्यांची पत्नी त्या सकाळी आतच राहिली, असं भावजय कानात म्हणाली.

मुक्याला विचारलं, आरोप मान्य आहे का. वकील अर्धवट उठलेच होते. तो म्हणाला, "मला काही सांगायचं आहे." आणि सांगितलं. भाषणासारखं नाही. अडखळत, शब्द शोधत, मध्येच बराच वेळ थांबत. पडद्यामागे उभं राहिल्याचं सांगितलं, झऱ्यांचं सांगितलं, घेतलेले पैसे सांगितले, मंडप सांगितला. "मला माहीत होतं," असं शेवटी म्हणाला, आणि ते पुन्हा म्हणाला, कोणीतरी नीट लिहून घेत नसल्यासारखं.

कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. उंच खिडक्यांतून ऊन येत होतं, त्यात धूळ वर जात होती की खाली येत होती कळत नव्हतं. मी जरा पुढे झुकले. पुढच्या बाकाची पाठ धरली तर त्या गृहस्थांनी वळून बघितलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"बहीण," मी म्हटलं. "थोरली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग समोर बघितलं, जिथे मुक्या खाली मान घालून उभा होता. टोपी उचलली, जरासे सरकले, आणि बाकावर एका माणसाची जागा झाली.

मी पुढे जाऊन बसले.